कोंढ्याचे जावई डोंगीत उभे राहिले

मी एक जुनी डोंगी आहे, आणि कोंढा गावच्या जावयाला मी अजून माफ केलेलं नाही. मित्रांनो, लाकडालाही राग येतो.

केवळराम ढिवराच्या बापाने सावरीचं अख्खं खोड पोखरून मला घडवलं. नवेगावच्या तलावात वीस वर्षं मी जाळी वाहिली, मासे वाहिले, माणसं वाहिली. एकालाही बुडवलं नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

१९७९ च्या पौषात, धानाची मळणी आटोपल्यावर, कोंढ्याची गोदावरीबाई घरची माणसं ट्रकमध्ये घालून एका दिवसासाठी तलाव पाहायला आली. बाकीची मंडळी काठाने पायी निघाली. माझ्यात बसली ती गोदावरीबाई, लेक मंदा, जावई खुशालराव आणि चार वर्षांची नात उषा.

केवळराम मला बांबूने काठाकाठाने नेत होता. चितळं पाण्यावर आली होती. पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मग सारसाची जोडी दिसली, आणि खुशालराव उठून उभे राहिले.

मी कलंडले. पाणी आत आलं. केवळराम हळूच "बसा जी" म्हणाला, पण त्यांचं लक्ष सारसांकडे. मंदा पदर चावत राहिली. सासू तर जावयाला पाटावर बसवून पाय धुणारी. त्याला 'बस' म्हणून दटावायची कोंढ्यात रीतच नव्हती. वर खुशालरावांनी लेकीला हाक मारली, "ये बेटी, तुलेही दाखवतो." उषा उठली. माझी कड पाण्याखाली जाऊ लागली.

गोदावरीबाईने एका हाताने नातीला कुशीत दाबलं आणि दुसऱ्याने जावयाच्या धोतराला हिसका दिला. खुशालराव धप्पकन वड्यांच्या डब्यावर बसले. मी सरळ झाले. तांब्याने पाणी उपसत आम्ही काठाला लागलो. सगळे कोरडे नव्हते, पण सगळे होते.

आता मी काठावर पालथी असते. तळाला चीर गेली आहे, शेळ्या अंगावर चढतात. मित्रांनो, जुन्या डोंगीला वर्षातून एकदा तेल पाजा. आणि तिच्यात चढलात तर बसून राहा.

त्या दिवशी काठावर खुशालराव तोंड फुगवून उभे होते. आता हे न जेवताच निघतात, म्हणून मंदाचा जीव वरखाली. गोदावरीबाईने आधी नातीचं डोकं पुसलं, मग चेपलेल्या डब्यातला वडा जावयाच्या हातावर ठेवला.

"जवाईबापू, घरी तुमी पाटावर बसा, मी पाय धुतो. पन डोंगीत देवालेही खालीच बसा लागते. खा आता. आन् रुसाचं असन, तं बसून रुसा."