बिनआवाजाची गाडी

सोनालीने चौथ्या बॅटरीची तार आवळली, पाना खिशात टाकला आणि गाडीत बसलेल्या भिकनकाकांच्या समोर जाऊन उभी राहिली. बाजूने बोलून उपयोग नव्हता. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ वाचतात. काकांशी आता घरीही तसंच बोलावं लागे.

"हळू दाबायचं. हिला गिअर नाही, क्लच नाही."

"माले शिकाडस? गाडी मीच बांधेल शे."

बांधली त्यांनीच होती. कडोदऱ्याच्या कारखान्यातून भंगारात निघालेल्या पाइपांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, दोघांपुरती जागा, मागे जुन्या रिक्षाचं इंजिन. नवागामात सगळे तिला रेसची गाडी म्हणत. काका इंजिनच्या आवाजावरून गिअर बदलायचे. ऐकू येईनासं झाल्यावर गिअरबॉक्स दोनदा तुटला, आणि सत्त्याण्णवच्या दिवाळीपासून गाडी विटांवर चढली.

कान गेले ते सोनालीच्या बी.एस्सी.च्या तीन वर्षांत. तिचे वडील वारले तेव्हा काकांनी लूमवरच्या दिवसपाळीला रात्रपाळी जोडली होती. घरात हे कोणी बोलत नसे. इच्छापोरच्या भंगारात तिला माल वाहणाऱ्या बॅटरीगाडीची मोटर सापडली, तेव्हाही ती फक्त मोटरबद्दलच बोलली. इंजिनाच्या जागी बसवलेली ही मोटर चालली, तर काकांना गाडी पुन्हा हाकता येणार होती. नाहीतर सांगाडा परत भंगारात.

सोनाली बाजूला होताच काकांनी पेडल थेट तळाला नेलं. गाडीने उडी घेतली आणि फ्यूज उडाला.

सोनालीला चूक लगेच कळली. लूम सुरू करताना दांडा एका झटक्यात ओढावा लागतो. बिचकत ओढला तर धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांत अडकतो. तीस वर्षांची ती सवय हातातून पायात उतरली होती.

"हा शेवटचा फ्यूज," नवा बसवून ती पुन्हा समोर आली. "दांडा नाही ओढायचा, काका. तुटलेला धागा बांधता ना, तसा पाय ठेवा."

काकांनी थोडा विचार केला. मग चप्पल काढून बाहेर ठेवली.

सोनाली शेजारी बसली. या वेळी गाडी नुसती निघाली. दिंडोलीकडच्या रिकाम्या मैदानात चाकांखाली खडी तेवढी वाजत होती. काका अनवाणी तळव्याने मोटरची थरथर जोखत होते. मान ताठ, नजर समोर. वळणही त्यांनी अलगद घेतलं.

सोनाली हळूच बोलू लागली. समोरच पाहत. तीन वर्षं, रात्रपाळ्या, निकालाच्या दिवशी जे म्हणायचं राहून गेलं ते.

गाडी थांबली.

"आते तोंड इकडे कर," काका म्हणाले. "निम्मंच दिसनं."

सोनालीने ओढणी सारखी केली. "ब्रेक हळू दाबा, म्हणत होते."

"ब्रेककरता भलतं लांब बोलनी तू."

त्यांनी पेडलवरचा पाय काढून घेतला आणि तिच्याकडे तोंड करून, कुठलीच घाई नसल्यासारखे बसून राहिले.