बिरदेवाची राखण

"आदी मेंढरं हुडकायची, का आदी बाळासोचं नरडं धरायचं, त्ये एकदा ठरवा!" आकारामची बायको बयाबाई कडाडली.

ज्ञानूच्या रिकाम्या वावरात मेंढरं कोंडायची जाळी फाटून पडली होती आणि आत लेंड्यांशिवाय काही नव्हतं. काल दिवस मावळताना बाळासोनं बांधावरून फटाक्यांची माळ पेटवून आत फेकली होती. मेंढरं जाळी तोडून वाट फुटेल तिकडं उधळली. एक गाभण मेंढी पाटात पडून मेली. आकारामनं ती स्वतः वर ओढली होती आणि तेव्हापासून त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

एवढं झालं कशावरून? तर मेंढरं कुणाच्या रानात बसली यावरून. मेंढरं चार राती वावरात बसली की पुढचं पीक जोमानं येतं, म्हणून ऊस तुटला की सगळे शेतकरी धनगराची वाट बघतात. आकारामनं यंदा ज्ञानूला शब्द दिला. ज्ञानू आणि बाळासो चुलतभाऊ, पण एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नाहीत. बाळासोला ते झोंबलं.

"रातभर हिंडलो, काय घावलं?" आकाराम शेवटी म्हणाला.

"घावतील. बिरदेव राखणदार हाय आपला. तुमच्या आज्यापणज्यापास्नं पांगल्यालं त्योच गोळा करत आलाय. आज काय त्येला नवं हाय?"

"मग करू दे की. त्येचं काम त्येनं करावं, माजं मी करतो."

"तुमचं काम कंचं?"

आकारामनं नुसतं बांधापलीकडं बघितलं. बयाबाईनं पिशवीतला भंडारा काढला, त्याच्या कपाळाला फासला, स्वतःच्याही लावला आणि ती पंचगंगेच्या अंगाला हाका घालत निघाली. ती दिसेनाशी झाल्यावर आकारामनं कपाळावरच्या भंडाऱ्याला हात लावून देवाशी वाटणी केली.

"मेंढरं तुज्याकडं, बाळासो माज्याकडं."

बाळासोचा ऊस बांधापलीकडंच होता. तोडीची टोळी अजून फिरकली नव्हती, पाला वाळून खडखडीत झाला होता. वर फाल्गुनाचं ऊन आणि पोळणारं वारं. या उसाच्या जिवावर तो चावडीत मिशीला पीळ देत बसायचा. आकारामनं कडेचा पाला ओढून ढीग केला आणि काडी लावली. जाळ उठला तसं त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. ती मेलेली मेंढी डोळ्यांपुढून थोडी बाजूला सरली.

आणि तेवढ्यात उसातून आवाज आला. "ब्यां!"

आकाराम गार पडला. तो आवाज त्याच्या लंगड्या मेंढीचा होता. तिच्या मागं दुसरा, मग कोकरांचा गलका. अख्खा कळप रात्रीपासून त्याच उसात, गारव्याला गुपचूप बसला होता. एवढं रान सोडून सगळीकडं हुडकलं होतं, फटाके लावणाऱ्याच्या उसात कोण बघणार?

"आरं देवा, तुला दुसरा ऊस घावला न्हाई व्हय रं!"

खांद्यावरचं घोंगडं ओढून तो जाळावर तुटून पडला. हाताची कातडी भाजली, भुवया करपल्या. तो देवाला शिव्या देत होता, बाळासोला देत होता आणि घोंगडं आपटत होता. धूर बघून बाळासो मोटारसायकल टाकून पळत आला. पाटात भिजवलेलं पोतं घेऊन तोही भिडला. दोघांनी मिळून आग मारली तेव्हा कोपऱ्यातल्या दोन सऱ्याच काय त्या जळल्या होत्या.

बाळासोनं त्याचे काळे झालेले हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते. "आकाराम, काल म्या तुज्याशी तसं वागलो, आन् तू माजा ऊस वाचीवलास. मानूस न्हवं रं, देव हाईस."

आकारामनं हात हिसकून घेतले.

"देव उसात बसलाय. म्या पेटवाय आलतो. काडी मीच लावली. माजी मेंढरं आत निगाली म्हणून इजीवला, न्हाईतर आज तू हितं राख गोळा करत बसला असतास."

बाळासो दोन पावलं मागं सरला.

"पोलिसात जायाचं तर जा. फटाकं कुणी टाकलं, त्येबी सांग तितं."

बाळासो कुठंच गेला नाही. भिजलं पोतं हातात धरून तो तसाच बांधावर बसला. आकारामनं तोंडाला हात लावून हाळी दिली, तशी मेंढरं पाल्यातून एकामागून एक बाहेर आली, लंगडी सगळ्यांच्या पुढं. पाटातली तेवढी सोडली तर सगळी होती.

धूर बघून बयाबाई धापा टाकत आली. कळप बघताच तिनं दोन्ही हात जोडले.

"म्हनलं न्हवतं? गोळा केली का न्हाई देवानं?"

"केली की." आकाराम बांधावर बसलेल्या बाळासोकडं बघत थुंकला. "पर त्येच्यात ह्या सुक्काळीच्यालाबी राखलंय. त्ये मातर मी देवाला इचारणार हाय."