पूर्व चुकलेली चकती

मी पुठ्ठ्याची चकती बोलतेय. हसू नका, बाराही राशी माझ्या पोटात आहेत! खाली ताऱ्यांचा नकाशा, वर खिडकी कापलेलं झाकण. तारीख-वेळ जुळवली की त्या घटकेचं आभाळ खिडकीत हजर.

मला घडवलं एका बाइंडरने. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की नजर हळूहळू जाणार, गेलेली परत यायची नाही. तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला: दिसतंय तोवर खरा वृश्चिक बघायचा. बांधायला आलेल्या पुस्तकांत शंभरदा पाहिला होता, आभाळात एकदाही नाही.

पुस्तकावरून मला उतरवताना त्यांना 'पूर्व' डावीकडे दिसली; जमिनीच्या नकाशात ती उजवीकडे असते. छापणाऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेलेली! त्यांनी पूर्व-पश्चिमेची अदलाबदल केली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

झालं! रोज दिवेलागणीनंतर ते आणि त्यांची लेक गच्चीवर. मला मांडीवर ठेवायचे; वृश्चिकाशेजारी माझ्यावर 'पश्चिम' लिहिलेलं, म्हणून दक्षिणेला तोंड करून उजवीकडे शोधायचे. वृश्चिक बिचारा डावीकडे, पूर्वेला उभा. मला सगळं ठाऊक, पण सांगणार कशी? पंधराव्या दिवशी बाबांनी मला बाजूला ठेवलं. डोळे गेलेच, असं त्यांनी मनाशी धरलं. लेकीला रडू आलं, ते लपवायला ती उत्तरेला डोकं करून चटईवर आडवी झाली आणि मला तोंडावर धरलं.

माझ्यावरची 'पूर्व' मावळतीकडे गेली होती. लेक ताडकन उठली.

"बाबा, टेबलावरचं पुस्तक नाही हे. हे पान खालून वाचायचं, म्हणून पूर्व डावीकडे."

डावीकडे वळली, तर वाकड्या नांगीचा वृश्चिक ऐटीत उभा, मधोमध लाल ज्येष्ठा. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

"लाल तेवढी दिसतेय गं," ते म्हणाले. "म्हणजे अजून गेले नाहीत डोळे." लेकीने त्यांचं बोट धरून नांगी हवेत काढून दाखवली. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

पुढे नजर गेली. जायच्या आधी त्यांनी ज्येष्ठेच्या जागी लाल दोऱ्याची गाठ मारली. झाकण तिला घासतं, फिरताना मी कुरकुरते. माझी चूक लेकीने खोडू दिली नाही, शेजारी बारीक अक्षरात बरोबर दिशा लिहिल्या.

तुम्हाला एवढीच विनवणी, चकती मांडीवर ठेवून वाचू नका, डोक्यावर धरा. बाबांची गोष्ट वेगळी. लेक रोज दिवेलागणीनंतर तारीख-वेळ जुळवून मला त्यांच्या मांडीवर ठेवते आणि कामाला लागते. ते खिडकीत बोट फिरवतात. कित्येक महिने ती गाठ झाकणाखाली असते, हाताला काहीच लागत नाही. काल कडेला गाठ लागली.

"अगं, बाहेर जाऊन बघ," त्यांनी हाक मारली. "वृश्चिक आलाय."

ती ओल्या हातांनीच गच्चीवर धावली. आला होता.