थंड पाण्याची उकळी

बाजाराच्या दिवशी परतवाड्यात गोरसबाबाच्या मांडवाला एवढी गर्दी लोटली, की शेजारचा भजीवालाही बाबाच्या चरणी लागला. गिऱ्हाईक तिथूनच येत होतं. गुराढोरांना लागलेली नजर ओळखणं हा बाबाचा प्रांत. ज्याच्यावर संशय, त्याच्या घरचं पाणी तांब्यात आणायचं. बाबा त्यावर कापलेलं लिंबू फिरवून पिळी, चिमूटभर भस्म सोडी, आणि चुलीवाचून पाणी फसफसून वर येई.

"देखो! किसीकी जलन उबल रही है!" बाबा गरजे. "कामधेनू के दरबार में झूठ नहीं चलता! दक्षिणा उधर रखो. मोबाइल से भी चलती है!"

पहिल्याच रांगेत सत्यभामाबाई होती. तिच्या तांब्यात धाकट्या जावेच्या, कौशल्याच्या, घरचं पाणी होतं. ते उकळलं आणि सत्यभामाबाईच्या जिवाला गारवा मिळाला.

कारण तसंच होतं. दोघींच्या गाई एकाच आठवड्यात व्याल्या. कौशल्याची कालवड गोठ्यात उड्या मारत होती. सत्यभामाबाईच्या कालवडीला, चांदणीला, हगवण लागून तिची नुसती हाडं उरली होती. मधल्या भिंतीच्या फटीला डोळा लावून सत्यभामाबाई रोज जळत असे. एवढी चमक? तेल चोपडते काय? एकदा तिला कौशल्या कोमट दुधात कसलीशी पुडी कालवताना दिसली. झालं! करणीच!

"तिलेच इचार ना, काय देते म्हनून," नवरा गोवर्धन म्हणाला.

"मी इचारू? थोरली मी हाय!"

म्हणून मग तिने बाबाला विचारलं. "दूध बंद," बाबाने फर्मावलं. "नजर उतरेपर्यंत नुसतं भस्माचं पाणी." दोन दिवसांत चांदणीचे डोळे आत गेले. तिला उठवेना.

पण सत्यभामाबाईचं एका गुन्हेगारावर समाधान होईना. बाबाने दिलेलं भस्म शिल्लक होतंच. तिने अख्ख्या आळीची तपासणी काढली. सुरुवात कौशल्याच्या पाण्याने, जरा मजा म्हणून. भस्म टाकलं. पाणी गप्प. आणखी टाकलं. गप्प. आळीतल्या पार्बताबाईचं पाणीही गप्प. सत्यभामाबाईने चिडून हात झटकला, तर उरलेलं भस्म शेजारच्या ताकाच्या गंजात पडलं आणि ताक फसफसून उतू चाललं.

गोवर्धनने शांतपणे गंज बाजूला सरकवला. "मंग? आता आपल्या ताकाचीच नजर लागली म्हनाव काय?"

ताक आंबट, बाबाचं लिंबूही आंबट, हे सत्यभामाबाईच्या ध्यानात आलं. तिने आपल्याच माठातलं पाणी घेतलं, बाबासारखं लिंबू पिळलं, बोटाला चिकटलेलं भस्म त्यात झाडलं. फस्स!  "अवं माय! या सोंगासाठी लेकराले उपाशी मारून राहिली मी! डाक्तरीनबाईले फोन लावा ना!"

गुरांच्या डॉक्टर साधनाताई लगोलग आल्या. हगवणीने आटलेलं पाणी भरून काढायला त्यांनी क्षार-साखरेचं पाणी पाजलं, दूधही सुरू करायला लावलं. मग विचारलं, "जन्मल्यावर चीक कधी पाजला?"

"गाईची जार पडल्यावर. तोवर पाजत नाही ना आमच्यात. अन् मंग थोडासाच. बाकीचा खरवस करून आळीत वाटला. कौशल्यापक्षा जास्त घरी."

"कौशल्याबाईंनी किती वाटला?"

"एकबी वडी नाही. समदा वासराले पाजला म्हने, पहिल्याच घंट्यात. लई हसलो आमी."

"तिचं वासरू आता तुम्हाला हसून राहिलं," साधनाताई म्हणाल्या. "आजाराशी लढायची ताकद चिकातून मिळते, आणि जसजसा उशीर होतो तसतशी ती वासराला कमी घेता येते. तिची पुडी प्रोबायोटिकची आहे. मीच दिली. दुधाला विरजण असतं ना, तसे पोटाला उपयोगी जंतू. पचन बसायला मदत होते, हगवणीचा धोका कमी होऊ शकतो. पण चीक आणि स्वच्छ गोठा आधी."

"दुप्पट दिली तं चांदणी तिच्या कालवडीच्या म्होरं जाईन?"

"नाही."

पुढच्या बाजारी सत्यभामाबाई पुन्हा पहिल्या रांगेत.

"किसके घर का पानी?"

"लई जळकुकड्या मानसाचं हाय, बावा."

लिंबू, भस्म, उकळी. "देखो, कितनी जलन! कौन है ये पापी?"

"तुमीच. तुमच्याच मांडवातल्या माठातून भरलं आताच." हशा उसळला. सत्यभामाबाईने लिंबू उचललं. "आता बिगर लिंबाचं उकळून दाखवा!"

बाबाला एकाएकी कामधेनूचं बोलावणं आलं. तो मांडवाच्या मागून गेला; चपला पुढेच राहिल्या. साधनाताईंकडून कळलेलं गुपित जमलेल्या लोकांना सत्यभामाबाईनेच समजावलं. राखेत खायचा सोडा मिसळला, की आंबट पडताच वायू सुटतो आणि फेस येतो. लिंबू चालतं, ताकही चालतं. शेजारणीची गरज नाही.

चांदणी तोवर बादलीला ढुशी मारण्याइतकी सावरली होती. त्या संध्याकाळी सत्यभामाबाई भिंतीच्या फटीऐवजी दारातून जावेकडे गेली.

"कौशल्ये, थे पुडी कवा देतं वं तू?"

"येवढंच इचारायचं होतं, बाई?" कौशल्याने पाट सरकवला. "बसा ना."

तेव्हा मंडळी, दुसऱ्याचं वासरू धष्टपुष्ट दिसलं तर खुशाल जळा; माणूस आहे, जळणारच. पण जळून झालं की त्याच्या दारात जा आणि विचारा, काय चारतोस? आणि कोणी थंड पाणी उकळून दाखवलं, तर हात जोडण्याआधी घरी जाऊन स्वतः करून पाहा.