टेबलावर न वाजलेली चिप

मी एक जुनी चिप आहे. मोबाइलमधली नव्हे, आणि बटाट्याची तर नव्हेच. अमेरिकेतल्या रिनो शहरातल्या एका कॅसिनोत पोकरच्या टेबलावर एका डॉलरच्या जागी जी निळी गोल चकती वापरतात, ती मी. मित्रांनो, जुगाराच्या टेबलावरची चकती आता आपल्याला शहाणपण शिकवणार, असे म्हणून नाक मुरडू नका. बावीस वर्षे मी माणसांच्या हातांतून फिरले आहे आणि आता फार दमले आहे. तेव्हा लांबण लावणार नाही.

माझा जन्म एका साच्यात झाला. माती आणि कसकसल्या भुकट्या एकत्र दाबून मला भाजले, काठावर पांढरे पट्टे दिले आणि हजारभर बहिणींबरोबर पेटीत बसवले. कोरी होते तेव्हा माझा आवाज खणखणीत होता. लोक मला बोटांवर नाचवत, दुसऱ्या चिपांवर आपटत आणि त्या आवाजावर खूश होत. पुढे घामाचे, कॉफीचे आणि तळलेल्या कोंबडीचे हात लागून लागून माझे पट्टे पिवळे पडले. इतक्या वर्षांत मला कोणी एकदाही धुतले नाही. तक्रार करत नाही, फक्त सांगते.

आमच्या टेबलावर एक रीत आहे. पत्ते वाटणाऱ्याला डीलर म्हणतात. त्याला कॅसिनोकडून मिळणारा पगार इतका तुटपुंजा असतो की त्यात घरभाडेसुद्धा भागत नाही. म्हणून जो डाव जिंकतो, तो आपल्या ढिगातली एक चिप डीलरकडे सरकवतो. हरलेल्याने द्यायची नसते आणि डीलरने मागायची नसते. मिळालेली चिप डीलरने टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवायची, ठकठक, आणि मगच आपल्या टिपच्या डबीत टाकायची. छतातल्या कॅमेऱ्यांना आणि सुपरवायझरला त्यावरून कळते की ही चिप कोणीतरी दिलेली आहे, टेबलावरून लांबवलेली नाही. न वाजवता चिप डबीत गेली, तर ती चोरी धरतात.

चिप सरकवायची असते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक नसते. एका शनिवारी एका झोकात आलेल्या पाहुण्याने "घे, ऐश कर!" म्हणत मला डीलरच्या अंगावर फेकले. मी तिच्या खांद्याला लागून खाली पडले, खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटले आणि माझ्या काठाचा एक टवका उडाला. डीलरला डाव सोडून उठता येत नाही. पाहुणा हसत राहिला आणि ती मान खाली घालून पत्ते वाटत राहिली. तिचे नाव ओपल.

टवका उडाल्यावर मी कोणालाच नकोशी झाले. जो तो मला पुढच्याच्या गळ्यात मारी. अशीच फिरत फिरत मी मर्लकडे आले, आणि त्याने मला ठेवून घेतले. मर्ल म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला ऐंशीचा म्हातारा. रोज सकाळी अकराला तो आपली गाडी हाकत यायचा, एकाच खुर्चीवर बसायचा आणि आपले दोन पत्ते उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मला ठेवायचा. माझ्या टवक्यावर अंगठा घासत विचार करायची त्याला सवय होती. अकरा वर्षे मी त्याची राखणदार होते. रात्री त्याच्या शर्टाच्या खिशात घरी जायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मर्ल टिप देत नसे. कधीच नाही. चिक्कू म्हणावे तर तसेही नाही. हॉटेलातल्या वाढपिणीला द्यायचा, डीलरला द्यायचा नाही.

"मजुरी मालकानं द्यायची असते," तो म्हणायचा. "प्रत्येक डावातून मालक आपला वाटा काढतो ना? मग मी टिप दिली की सुटला तो. आम्ही रेल्वेत त्रेचाळीस दिवस संप केला होता, माहितीय?"

"माहितीय. रोज एक दिवस वाढतो त्या संपाचा," शेजारची बर्निस म्हणायची. बर्निसने तीस वर्षे शाळेची बस चालवली होती आणि अजूनही सगळ्यांना शाळेतली पोरे समजूनच बोलायची.

ओपल तोवर पुढच्या डावाचे पत्ते पिसत असे. ती एकसष्ट वर्षांची, बोटांचे सांधे सुजलेले. तिच्या नोकरीवरच नवऱ्याच्या औषधांचा विमा चालत होता. आणखी तीन वर्षे रेटायची आणि मग बोटांना आराम द्यायचा, एवढाच तिचा बेत होता. मर्ल जिंकला की ती ढीग त्याच्याकडे जितक्या नीट ढकलायची, तितक्याच नीट बर्निसकडेही. मला तिच्याकडे बघून लाज वाटायची. पण चिपेच्या लाजेला कोण विचारतो?

गेल्या हिवाळ्यात ओपलला एक नवी खोड लागली. टेबलाच्या मधोमध सगळ्यांचे सामाईक पत्ते उघडताना ती ते मोठ्याने बोलू लागली. "किलवर नव्वी. इस्पिक गुलाम. किलवर दुर्री." कोणी विचारलेले नसताना.

"आम्हाला दिसतात हो बाई!" बर्निस वैतागायची. सुपरवायझर ट्रेंटनेही तिला एकदा हटकले. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बोलू लागली.

मग तो मंगळवार आला. बर्निस आणि मर्ल दोघेच डावात उरले होते. बर्निसने दोन राजे दाखवले. मर्लने मला बाजूला केले, पत्ते डोळ्यांजवळ नेले आणि वैतागून उघडेच टाकले.

"काही नाही माझ्याकडं. घे, तुझंच."

बर्निसचा हात ढिगाकडे गेला.

"थांब, बर्निस," ओपल म्हणाली. उघडे पडलेले पत्ते डीलरने वाचायचे असतात. "मर्लचे दोन आणि मधले तीन, पाचही किलवर, ते दोन राजांपेक्षा वरचढ. डाव त्यांचा."

"मर्ल, झोपलायस का रे?" बर्निस म्हणाली. " चष्मा बदलायला पण युनियनला विचारावं लागतं का तुला?"

टेबल हसले. मर्ल हसला नाही. माझ्या टवक्यावर त्याचा अंगठा थांबला होता. ओपलने ढीग त्याच्याकडे ढकलला आणि हळूच म्हणाली, "किलवर होतं ते." त्याने मान वर केली. तीन महिन्यांची तिची बडबड कोणासाठी होती, ते त्याला त्या क्षणी कळले असावे. कारण त्याने ढिगातली दुसरी कुठली चिप घेतली नाही. त्याने मला उचलले आणि तळहाताखाली झाकून तिच्याकडे सरकवले; टेबल अजून हसण्यातच होते, कोणाचे लक्ष नव्हते.

ओपल बघतच राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा! तिचे डोळे भरून आले, तिने मला उचलले आणि थेट डबीत टाकले. ठकठक झालीच नाही. मी अंधारात पडले आणि मला घाम फुटायचाच बाकी राहिला.

ट्रेंट लगेच आला. "ओपल, हात टेबलावर ठेवा. आत्ता डबीत काय टाकलंत?"

"टिप."

"वाजवली नाही तुम्ही."

"विसरले."

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा?"

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा."

"कुणी दिली?"

"मर्लनी."

सगळे खो खो हसले. "ट्रेंट, बाई आजारी आहे, घरी पाठव तिला," कोणीतरी म्हणाले.

ट्रेंट हसला नाही. चोरी ठरली तर नोकरी त्याच दिवशी जाणार आणि शहरातला दुसरा कुठलाही कॅसिनो तिला उभे करणार नाही, हे त्यालाही ठाऊक होते. "मर्ल, तुम्ही दिलीत?"

सगळे टेबल मर्लकडे बघत होते. त्याने ओठ चावला. "मी टिप देत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे." दिली म्हटले असते, तर का दिली तेही सांगावे लागले असते.

मित्रांनो, त्या घटकेला मला तोंड असते तर! ओपलला तर तोंड होते. 'त्यांना दिसत नाही, म्हणून मी मदत केली,' एवढे एक वाक्य पुरले असते. ती बोलली नाही. मर्लच्या डोळ्यांची गोष्ट तिच्या मालकीची नव्हती, म्हणून नोकरी जात असतानाही ती गप्प बसली.

ट्रेंटने डबी उघडली. वर मीच होते. "ही टवक्याची चिप तर तुमचीच," तो मर्लला म्हणाला. "म्हणजे तुमच्यापुढून उचलली." त्याने मला मर्लच्या तळहातावर ठेवले.

अंगठा आपोआप टवक्यावर आला. एकदा फिरला, दोनदा फिरला.

"मी दिली," मर्ल पुटपुटला.

"काय?"

"मी दिली म्हणतोय ना! कान फुटलेत का तुझे?" मग त्याचा आवाज बसला. "मला किलवर आणि इस्पिक वेगळं दिसत नाही. तीन महिने झाले. ही पत्ते मोठ्यानं बोलते, ते माझ्यासाठी. तुम्हाला वाटलं, खोड लागलीय. मलाही तेच वाटलं. आणि आत्ता मी खोटं बोललो, तेही लिहून घे."

मग बर्निसने हात पुढे केला. "मर्ल, आज गाडी चालवत आलास?"

"हो."

"किल्ली दे."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. जिंकलेला ढीग तिथेच पडला होता, त्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

ओपलची नोकरी राहिली. चिप वाजवली नाही म्हणून तिला लेखी ताकीद मात्र मिळाली, कारण नियम तो नियम. मला मर्लने तिला पुन्हा देऊ केले. "ही तुमच्या सवयीची आहे," म्हणून तिने मला परत त्याच्या खिशात घातले.

मर्ल आता खेळत नाही. बर्निस त्याला रोज घेऊन येते आणि तो तिच्या मागे खुर्ची टाकून बसतो. ती जिंकली की तो चाचपडत तिच्याच ढिगातली एक चिप उचलतो आणि ओपलच्या दिशेने सरकवतो.

"माझ्या पैशांवर दानशूर झालाय मेला!" बर्निस म्हणते.

मी खिशातून ऐकते. मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या हाताला काही द्याल, तर ते फेकू नका, सरकवा. आणि कोणी तुम्हाला काही दिले, तर ते पोचल्याचे त्याला कळू द्या. ओपल ती चिप घेते आणि टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवते, नियमाला लागते त्यापेक्षा पुष्कळ मोठ्याने. कॅमेऱ्यांना आवाज ऐकू येत नाही, ते फक्त बघतात. तो आवाज मर्लसाठी असतो. तो ऐकला की मर्ल मान हलवतो आणि माझ्यावर अंगठा ठेवून स्वस्थ बसतो.