सुरीली नागिन

वैभवी कॅसेट घेऊन आली त्या दुपारी नोएडात वीज नव्हती. तिला गाणं शिकवणाऱ्या अहिल्याबाईंनी शेजारच्यांकडून टेपरेकॉर्डरसाठी सेल मागून आणले. मुलीला दम धरवत नव्हता. दिल्ली कॅन्टोन्मेंटहून दोन बस बदलून ती आली होती आणि चपला काढता काढताच तिने सांगून टाकलं की फिल्म सिटीतल्या सिनेमासाठी झालेल्या स्पर्धेत तिची निवड झालीय. नायिकेची सगळी गाणी ती गाणार. तिचे वडील लष्करात हवालदार होते, त्यांना यंदा तिचं लग्न उरकायचं होतं. आता त्यांना थांबावंच लागणार होतं.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं ते. सेक्टरात रोज एखादी नवी इमारत उभी राहत होती, केबलवर रोज एखादा नवा चॅनेल लागत होता, आणि ज्याला त्याला टीव्हीवर दिसायचं होतं.

टेप सुरू झाला. संगीतकाराने स्वतःच्याच आवाजात चाल म्हणून दिली होती. गाण्यातली गोष्ट अशी: हॉटेलात गझल गाणारी एक बाई नवऱ्याच्या पेल्यात विष कालवते. कोर्टात पांढरी साडी नेसून, केसात मोगरा माळून येते, तबलजीकडे बघून हसते. फोटोवाले तिच्यामागे धावतात आणि ती कोठडीत नाचत म्हणते की घरोघरच्या पेपरात आज माझाच चेहरा आहे. चाल फक्कड होती. वैभवी मांडीवर ताल धरून बसली होती.

अहिल्याबाईंनी गाणं दोनदा ऐकलं. मग विचारलं, "सिनेमाचं नाव काय म्हणालीस?"

"सुरीली नागिन."

हे नाव पंधरा वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका सांजदैनिकाने ठेवलेलं होतं, आणि ते अहिल्याबाईंनाच ठेवलेलं होतं.

तेव्हा त्या भानुमती होत्या. लग्नात सासरच्यांनी बदलून ठेवलेलं ते नाव. नवरा विनायक कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कचेरीत हेडक्लार्क होता, आणि संध्याकाळी त्या कॅनॉट प्लेसच्या एका हॉटेलात गात. एके दिवशी विनायक मित्राकडून दारू पिऊन आला आणि सकाळपर्यंत गेला. पोस्टमॉर्टेममध्ये विष निघालं. स्वयंपाकघरात उंदराचं औषध सापडलं, शेजारणीने तबलजीचं रोजचं येणं-जाणं सांगितलं, आणि पेपरवाल्यांना महिनाभराचं खाद्य मिळालं. एकोणीस महिने त्या तुरुंगात होत्या. विनायकबरोबर त्याच बाटलीतली दारू प्यायलेल्या दुसऱ्या माणसाची दृष्टी गेली होती. तो पोलिसांच्या भीतीने गप्प बसला होता. शेवटी तो काठी टेकत कोर्टात आला आणि खरं बोलला, विष त्या दारूतच होतं. भानुमती निर्दोष सुटली. त्याच सांजदैनिकाने आतल्या पानावर चार ओळी छापल्या. बाईंनी सासरचं नाव टाकून दिलं, माहेरचं पुन्हा घेतलं, आणि यमुनेपलीकडे, जिथे कुणी कुणाला ओळखत नव्हतं तिथे, क्लास काढला.

वैभवीला त्यांनी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. मुखडा बसवून दिला, अंतऱ्यातली एक अवघड हरकत सोपी करून दिली. पण चौथ्या दिवशी मुलगी कोठडीतलं कडवं फारच लाडात येऊन गायला लागली, तेव्हा त्यांनी पेटी मिटली.

"असं नसतं गं," त्या म्हणाल्या. "तिथे मोगरा कुठला? खोबरेल तेलसुद्धा मिळत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एक गोष्ट तर त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती, तीही सांगितली. पहिल्या पानावर फोटो आला तेव्हा त्यांना क्षणभर तो आवडला होता. चांगला आला होता. नवरा जाऊन नऊ दिवस झाले होते आणि आपण फोटोत बऱ्या दिसतो असं मनात आलं, याची लाज त्यांना सुटल्यावरही कितीतरी वर्षं पुरली.

वैभवी निघून गेली आणि तीन दिवस फिरकली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. निर्माता बत्रा खऱ्या भानुमतीला शोधत होता. जो तिला पत्रकारांसमोर उभी करील त्याचं नाव पोस्टरवर येईल, असं त्याने युनिटमध्ये जाहीर केलं होतं.

"मी त्याच्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत गेले होते, बाई," वैभवी म्हणाली. "अर्धा जिना चढले पण. मग उतरले."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. रागवावं असं त्यांना वाटलं नाही. त्या वयात, त्या जिन्यावर, आपण उतरलो असतो का, हे त्यांना खात्रीने सांगता आलं नसतं. त्यांनी कपाटातून एक जाड फाइल काढली, साडी बदलली आणि म्हणाल्या, "चल. उरलेला जिना दोघी चढू."

बत्रा आधी विश्वासच ठेवेना. मग निकालाची प्रत पाहिल्यावर त्याने सगळ्यांसाठी चहा-सामोसे मागवले. त्याच्या डोक्यात पूर्ण देखावा तयार होता. पत्रकार परिषदेत लोखंडी पिंजरा, आत मॅडम, बाजूला रबरी नाग. एका दिवसात सगळा देश ओळखेल, तो म्हणाला.

बाईंनी शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. पिंजरा नाही, नाग नाही. आणि सिनेमाचा शेवट बदलायचा. नायिका निर्दोष सुटली पाहिजे, आणि ते शेवटचं गाणं त्या स्वतः गातील, स्वतःच्या शब्दांत. बत्रा हसला. निर्दोष बाईचं तिकीट कोण काढतं, मॅडमजी, असं त्याने विचारलं. बाईंनी फाइल पुढे सरकवली. साडी माझी, हॉटेल माझं, तबलजी माझा, त्या म्हणाल्या. कोर्टाने मला सोडलं आणि तुम्ही मला पडद्यावर फासावर चढवणार. माझे वकील अजून हयात आहेत.

बत्राचा चेहरा पडला. कोपऱ्यात संगीतकार राजवर्धन बसला होता, मूळचा कोल्हापूरचा. तो म्हणाला, "अहिल्याताई, ते शब्द आहेत का तुमच्याकडे? जरा म्हणता का?"

पेटी नव्हती, तंबोरा नव्हता. बाईंनी खुर्चीतच पाठ सरळ केली आणि सुरुवात केली. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाबाहेर एकही कॅमेरा नव्हता. रस्ता रिकामा होता. ती बाई पिंपळाखाली उभी राहते आणि गळा शाबूत आहे का ते बघायला हळूच एक सूर लावते, एवढंच त्या गाण्यात होतं. आवाज आता थोडा जाड झाला होता, पण वरच्या पंचमावर तो असा ठरला की बाहेर टायपिंग करणारी मुलगी उठून दारात आली. वैभवीने बाईंना असं कधी ऐकलं नव्हतं. क्लासमध्ये त्या नेहमी अर्ध्या आवाजातच शिकवत.

राजवर्धनने बत्राकडे पाहिलं. "क्लायमॅक्स हाच आहे," तो म्हणाला. "दुसरा लिहून मिळणार नाही." बत्राने लेखकाला फोन लावला.

पत्रकार परिषदेला हॉल खच्चून भरला होता. पहिलाच प्रश्न पुढच्या रांगेतल्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने विचारला, त्याच सांजदैनिकाच्या. विष तुम्हीच दिलं होतं ना, आज खरं सांगून टाका. हॉलमध्ये हशा पिकला. वैभवीने बाईंचा हात धरला. तो अगदी कोरडा होता.

बाईंनी पर्समधून पिवळं पडलेलं कात्रण काढून त्याच्यापुढे धरलं. "उत्तर तुमच्याच पेपराने छापलंय," त्या हिंदीत म्हणाल्या. "माझा चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा ना, मोठ्याने."

त्याला वाचावं लागलं. चारच ओळी होत्या, पण हॉलमध्ये तो एकटाच बोलत होता, आणि 'निर्दोष' या शब्दाशी तो अडखळला तेव्हा मागून कुणीतरी पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने पुन्हा वाचलं. मग बाई उभ्या राहिल्या आणि गायल्या. दुसऱ्या दिवशी पाच पेपरांनी पहिल्या पानावर तेरा वर्षांपूर्वीचा निकाल छापला. सांजदैनिकानेही छापला. फोटो छान आला होता, आणि या वेळी बाईंनी तो नोएडातल्या शेजारणीला आपणहून दाखवला.

सिनेमा दिवाळीत लागला. करोल बागेत ब्लॅकने तिकिटं विकली गेली. वैभवीची सहा गाणी लोकांच्या तोंडी बसली; पण शेवटचं गाणं लागलं की लोक बाहेर जायला उठत नसत, अशी डोअरकीपरची साक्ष होती. हवालदारसाहेबांनी अख्ख्या बराकीला सिनेमा दाखवला आणि स्थळं बघणं आपणहून थांबवलं.

पुढच्या सोमवारी बाईंच्या दारात रांग लागली. जिना भरून लोक फाटकापर्यंत उभे होते. निम्मे फक्त त्यांना बघायला आले होते, काहींच्या हातात कॅमेरे होते, एक आई आपल्या मुलीला टीव्हीवर कधी चमकवाल असं विचारत होती. वैभवी दारात उभी राहून एकेकाला आत सोडत होती. बाईंनी कुणालाच नाव विचारलं नाही. पेटीवर पांढरी एक ही पट्टी दाबून धरली आणि प्रत्येकाला सा लावायला सांगितलं. दुपारपर्यंत त्यांनी एकेचाळीस जणांना परत पाठवलं आणि तिघांना ठेवून घेतलं. पंचेचाळिसावा आत येईपर्यंत त्यांनी वैभवीला खिडक्या उघडायला सांगितल्या, आणि त्या तिघांना सरगमचा पहिला पलटा पूर्ण आवाजात गाऊन दाखवला.