नको तिथली रेघ

संशोधन केंद्रात बाईंना सगळे 'रेघवाल्या बाई' म्हणत, अर्थात पाठीमागे. एक विषाणू पेशीत शिरतो, तिथलं एक प्रथिन जागं करतो आणि ते प्रथिन पेशीला 'वाढत राहा, थांबू नकोस' असा निरोप देत सुटतं. शरीराच्या पहारेकऱ्यांना पत्ता लागत नाही, आणि पुढे गाठ होते. हा निरोप्या बाईंनी नऊ वर्षांपूर्वी शोधला होता. पुरावा म्हणजे फिल्मवरची एक काळी रेघ. त्या प्रथिनाला नेमकं पकडणारी अँटिबॉडी विकत मिळायची. ती चिकटली की रेघ उमटायची. तिच्या जोरावर बाईंना बढती मिळाली, स्वतंत्र खोली मिळाली आणि पाठदुखीही मिळाली.

तीन वर्षांपूर्वी अँटिबॉडीची नवी बाटली आली आणि रेघ गुल झाली. नवा मालच खराब, असं म्हणून बाईंनी विषय मिटवला आणि जुन्या बाटलीतले उरलेले थेंब फ्रीजरच्या तळाशी दडवून ठेवले. खरं तर खातरजमा करणं सोपं होतं. ज्यांतून ते प्रथिन मुळातच काढून टाकलंय, अशा पेशी त्याच फ्रीजरमध्ये होत्या. त्यांच्यावर जुनी अँटिबॉडी टाकायची. रेघ आली नाही तर बाई खऱ्या. आली तर अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतेय. दोन दिवसांचं काम. तीन वर्षांत बाईंना परिषदांना वेळ मिळाला, सत्कारांना मिळाला, हे दोन दिवस काही मिळाले नाहीत.

मग दुसऱ्या शहरातल्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. तिसरं. पहिल्या दोन पत्रांना बाईंनी 'जास्तीची अँटिबॉडी धुण्याचा वेळ कमी करून पाहा' वगैरे उत्तरं धाडली होती. आता तिने लिहिलं होतं की बाईंचाच प्रयोग ती पुन्हा पुन्हा करतेय आणि रेघ काही येत नाही. तिचे सर म्हणतात, हिच्या हातातच दोष आहे. पुढच्या महिन्यात तिच्या शिष्यवृत्तीची मुदत संपतेय, आणि हातात दाखवण्यासारखं काही नाही म्हणून ती हे क्षेत्रच सोडणार आहे. फक्त आपण कुठे चुकलो, एवढं तिला कळायला हवं होतं.

बाईंनी पत्र मामांना दाखवलं. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. बाईंच्या आधीपासून तिथे असलेले आणि त्यामुळे कुणाला न भिणारे. त्यांनी चष्मा वर करून पत्र सावकाश वाचलं.

"मॅडम, या पोरीला हात काही बदलता यायचे नाहीत," ते म्हणाले. "आपण पेशी बदलून बघू."

बाईंनी मान हलवली. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म हातात आली. जिथे ते प्रथिन नव्हतंच, तिथेही रेघ होती. चांगली ठसठशीत, काळीभोर. मामा ट्रे उचलून बेसिनपाशी गेले आणि घासायला लागले. बाईंना रडू आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त थकवा आला. नऊ वर्षं कुणीतरी उभं करून ठेवलं होतं आणि आत्ता कुठे बस म्हणालं, तसा.

शोधनिबंध मागे घेत असल्याचं मासिकाला लिहायला दहा मिनिटं लागली. फोन उचलायला तासभर गेला.

"तुमच्या हातात काही दोष नाही," बाई म्हणाल्या. "माझा निष्कर्षच चुकीचा होता. अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटत होती. तुमच्या सरांनाही मी आजच लिहिते."

मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला शंका कधी आली?" आवाजात राग नव्हता. तुमचं पत्र आलं तेव्हा, असं बाईंना म्हणता आलं असतं. मामा बेसिनपाशी पाठमोरे होते, नळ चालू होता; कुणाला ऐकूही गेलं नसतं.

"तीन वर्षांपूर्वी," बाई म्हणाल्या.

"मी हे काम दोन वर्षांपूर्वी हातात घेतलं," मुलगी म्हणाली, आणि फोन न ठेवता तशीच थांबली.